बेसमास्तरची तार

नवी तार हातात आली की धोंडीराम आधी तिच्यावरून अंगठ्याचं नख ओढायचा. डोळे मिटून. खर्रर्र झालं तर ती गोल, नख नुसतं घसरलं तर ती चपटी. पाकिटावर लिहिलेलं असायचं, पण त्याचा भरवसा नखावर. मी एकदा वैतागून विचारलं, मास्तर, तार घेताय का बैल? तर म्हणला, "बैलाला एवढा वेळ कशाला लागतोय शेठ? बैलाचे दात दिसतेत."

धोंडीराम पालमकडच्या खेड्यातला. कोरडवाहू चार एकर, त्यातलं दीड एकर खडक. माझं मानवतला मंडप अन् लाऊडस्पीकरचं दुकान होतं, त्याच्या जोडीला मी लग्नाचा ऑर्केस्ट्रा काढला होता. त्यात धोंडीराम बेस गिटार वाजवायचा. चाळीस वर्षं होत आली त्या दिवसांना. ह्या माणसाशी मी एक वाईट गोष्ट केली, अन् ती त्याला सांगायला मला एवढी वर्षं लागली. तेही माझी बायको कौसल्या वारल्यावर. ती गोष्ट इथं लिहिणारच आहे, दडवणार न्हाई. पण आधी माणूस सांगितल्याशिवाय त्याचं काय गेलं ते कुणाला कळायचं न्हाई.

पोरवयात तो हैदराबादला पळाला होता. एका हॉटेलात कपबशा धुवायचा. तिथं संध्याकाळी गाणंबजावणं असायचं, अन् बेस वाजवणारा एक म्हातारा उस्ताद होता. त्याचे पाय दुखायचे. हा त्याचे पाय दाबायचा अन् बघायचा. सात वर्षं पाय दाबले अन् गिटार घेऊन आला, असं तो स्वतःच सांगायचा. म्हाताऱ्यानं मरायच्या आधी गिटार ह्याच्या हवाली केली, वर चढवलेल्या चपट्या तारांसकट.

आमच्याकडं बेस म्हणजे चांगलं. जेवण बेस झालं, पोरगी बेस हाय. स्टेजवर नावं सांगताना "अन् बेस गिटारवर धोंडीराम" असं म्हणलं की लोक टाळ्या वाजवायचे. एका लग्नात नवरीचा आजा माझ्याजवळ येऊन बसला अन् हळूच विचारायला लागला, की तो दुसरा गिटारवाला वाईट हाय का, अन् वाईट हाय तर त्याला आणलाच कशाला. मी हे धोंडीरामला सांगितलं तर तो हसून हसून टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसला. तवापासून तो बेसमास्तर.

काळा, उंच, खांदे पडलेले. ऑर्केस्ट्राचा लाल शर्ट त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखा दिसायचा. स्टेजवर चढताना चपला काढायचा, अनवाणी वाजवायचा. देवाधर्माचं काही न्हाई त्यात. फळीतून पायाला कळतं म्हणायचा, आपण ढोलकीच्या पुढं पळतोय का मागं राहतोय ते. उभा राहायचा पार मागं, लोकांकडं बघायचा न्हाई. त्याचं म्हणणं असं, की बेस ऐकू यायला नको. तो थांबल्यावर कळला पाहिजे. माझा विश्वास बसेना तर एका वरातीत त्यानं करून दाखवलं. गाणं रंगात आलेलं, पोरं नाचायलीत, अन् ह्यानं चार ठेके नुसती बोटं उचलून धरली. गाणारा गातोय, ढोलकी चालू, तरी नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. एक जण दुसऱ्याला म्हणला, काय रे, ढकलतो काय. मग ह्यानं परत सुरू केलं अन् तिरक्या नजरेनं माझ्याकडं बघितलं.

आता तारांचं. बेसला चारच तारा, पण त्याच्या दोन जाती. गोल तारेत आतल्या तारेवर बारीक गोल तार गुंडाळलेली असते. हात लावला तर बोल्टाच्या आट्यासारखी खरखरीत. आवाज टणक, खणखणीत, अन् बोट सरकलं की चीं करते. चपटीवर फितीसारखी पट्टी गुंडाळलेली, हाताला काचेसारखी. तिचा आवाज जाड, भरलेला, अन् लगेच विझतो. धोंडीराम म्हणायचा, नावं ठेवणाऱ्यानं उलटी ठेवलीत शेठ, गोल तारेचा आवाज चपटा हाय अन् चपटीचा गोल.

त्याचा जीव चपटीवर. मला गोल पाहिजे. ह्यावरून आमची चार वर्षं भांडणं. माझे लोखंडी भोंगे होते, त्यातून चपटीचा आवाज निघायचाच न्हाई, भोंग्याच्या तोंडातच मरायचा. लग्नवाले विचारायचे, तो मागचा उंच माणूस नुसता उभा राहायला आणलाय का? माझी लाज जायची. शेवटी उस्तादाच्या चार तारांतली एक तुटली, सुटी एक कुठं मिळंना, अन् धोंडीरामला गोल लावाव्याच लागल्या. मला बरंच वाटलं. उरलेल्या तीन त्यानं तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

गोल तारा घामानं अन् धुळीनं दोन-तीन महिन्यांत मुक्या होतात. नव्या मिळायच्या हैदराबादला न्हाईतर मुंबईला. मग हा जुन्याच काढून पाण्यात उकळायचा. उकळल्या की आतला मळ सुटतो अन् आवाज परत उघडतो. मला हे ठाऊक नव्हतं. एकदा मी घरी आलो तर कौसल्या चुलीवरच्या पातेल्यात डोकावून बघायली, अन् मास्तर शेजारी पाटावर गंभीर तोंड करून बसलेला. पातेल्यात चार तारा वेटोळं करून उकळत होत्या. कौसल्या म्हणली, "भावजी, मीठ किती घालू?" तो म्हणला, चवीपुरतं. मी ओरडलो दोघांवर. पण कौसल्यानं त्याच्यासाठी एक जर्मनचं पातेलं वेगळंच काढून ठेवलं. त्याच्यात घरातलं कुणी कधी काही शिजवलं न्हाई.

एकदा त्यानं कौसल्यालाच पंच केलं. गिटारीवर एक गोल तार अन् एक फडक्यातली जुनी चपटी लावली, माझ्या दुकानातली आवाजाची मशीन अन् स्पीकरचं खोकं घरी आणलं. ती पाठमोरी भाकरी थापायली होती. वळून बघायचं न्हाई, म्हणला, नुसतं सांगायचं. आधी एक वाजवली, मग दुसरी. कौसल्या म्हणली, "पहिली कानाला लागली. दुसरी वाजली तवा परातीतलं पीठ हाललं." धोंडीरामनं माझ्याकडं असं बघितलं, जसा कोर्टात निकाल लागला. मी म्हणलो, लग्नाला माणसं पीठ हालवायला येत न्हाईत. माझ्या भोंग्यात गोलच वाजणार.

त्याची बायको सुंदरा. ठेंगणी अन् आवाज मोठा. ऑर्केस्ट्राचा हंगाम चार महिन्यांचा, अन् रानात काही पिकलं तर पिकलं. म्हणून ती दिवाळी झाली की भावाच्या टोळीसंगं ऊस तोडायला पार सांगलीकडं जायची. लहान पोरगं आजीजवळ ठेवायची. गावातले लोक तोंडावर म्हणायचे, बायको ऊस तोडती अन् नवरा तारा तोडतो. हे त्याला लागायचं. पुढच्या साली हिला जाऊ देणार न्हाई असं तो दर साली म्हणायचा.

एकदा जाताना ती मानवतला उतरली होती, आमच्या घरी जेवली. जेवता जेवता कौसल्याला म्हणली, "ह्यांच्या गिटारीला चारच तारा हायत, अन् त्या निवडायला सहा महिने लागतेत. मला बघायला आले तवा अर्ध्या घंट्यात हो म्हणले." धोंडीराम खाली बघून भाकरी मोडत म्हणला, तुझा आवाज मी गल्लीतूनच ऐकला होता. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. तिला मी तेवढंच बघितलेलं.

त्या हिवाळ्यात त्यानं मला न विचारता मुंबईच्या दुकानाला पत्र टाकलं अन् नव्या चपट्या तारा मागवल्या. मला कळलं तवा मी लय बोललो. त्यानं ऐकून घेतलं अन् म्हणला, आल्या की एकदा लावून दाखवतो, मग तुमी म्हणताल ते. दीड महिना झाला, तारा येईनात. तो रोज पोस्टात चक्कर मारायचा. सगळ्या गल्लीला चेष्टेला विषय. चहावाला, पानवाला, कापसाचे हमाल, जो दिसंल तो विचारायचा, काय मास्तर, तार आली का?

पाथरीकडं एक मोठं लग्न होतं. बडी असामी. असलं काम वर्षात एकदा मिळायचं. मी सकाळपासून टेम्पो भरत होतो. अकराच्या सुमाराला शेजारचा पानवाला आला अन् म्हणला, "शेठ, पोस्टातला माणूस येऊन गेला. बेसमास्तरची तार आलीया म्हणला. मास्तरच्या खोलीला कुलूप हाय. लगेच पोस्टात यायला सांगा." धोंडीराम तवा न्हाव्याकडं दाढीला गेला होता. मी म्हणलो, बरं, सांगतो.

अन् सांगितलं न्हाई.

माझ्या डोक्यात चक्र चालू झालं. हा आता पोस्टात जाणार, तारा आणणार, नख ओढत बसणार. लावल्याशिवाय हलायचा न्हाई. नवी तार दोन दिवस ताणून बसल्याशिवाय सुरात राहत न्हाई, हे त्यानंच मला शिकवलेलं. आज बड्या लोकांपुढं भोंग्यातून नुसतं धप धप यायचं. त्यापेक्षा उद्या सांगू. एका दिवसानं काय बिघडतंय.

एवढं लिहून थांबलो असतो तर माझी चूक चूकच राहिली असती. पण तसं न्हाई. पानवाला तार म्हणला, तारा म्हणला न्हाई. आख्खी गल्ली चेष्टेत तारच म्हणायची हे खरं. पण पोस्टातला माणूस कशाला चेष्टा करील? अन् तारांचं पार्सल येतं. पार्सलाला लगेच या असा निरोप कुणी ठेवत न्हाई. हे माझ्या मनात आलं होतं. टेम्पोत खोकी चढवताना आलं, अन् मी ते बाजूला सारलं. मला ती गिटारीची तार असायला पाहिजे होती, म्हणून मी ती तशी ठरवली. धोंडीराम दाढी करून आला, गुळगुळीत गालावरून हात फिरवत टेम्पोत बसला. रस्त्यात तीन वेळा त्यानं माझ्याकडून तंबाखू घेतली. त्या दिवशी त्यानं लय सुरेख वाजवलं.

दुसऱ्या दिवशी दहाला पोस्टातला माणूस परत आला अन् तार धोंडीरामच्या हातात दिली. टोळीच्या मुकादमानं केलेली. सुंदरा सिरियस, ताबडतोब या. तो गिटार माझ्या दुकानात टेकवून तसाच निघाला. सांगलीकडची एसटी परभणीहून संध्याकाळी होती. त्या एसटीत तो बसला. आदल्या संध्याकाळीही तीच एसटी होती.

पंधरा दिवसांनी परत आला तवा डोकं भादरलेलं. कुणी काही विचारायच्या आधीच म्हणला, "राख गरम होती शेठ." लोक विचारायचे एवढा उशीर कसा झाला, तर तो सांगायचा तार उशिरा आली. मी जवळच वायरीचं भेंडोळं गुंडाळत असायचो. हे त्याच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं, अन् एकदाही माझं तोंड उघडलं न्हाई.

पानवाल्यानं मला एकदाच विचारलं, सांगितलं नव्हतं का? मी म्हणलो, गडबडीत राहून गेलं. त्या दिवसापासून पान माझ्या हातात दिलं न्हाई त्यानं. फळीवर ठेवायचा. कौसल्यालाही त्याच्याकडूनच कळलं. तिनं रात्रीचं जेवण वाढलं, माझ्यापुढं बसली अन् म्हणली, "तुमाला कळलं होतं." विचारलं न्हाई, म्हणली. मी जेवत राहिलो.

तो दुखवट्यात होता तवाच मुंबईचं पार्सल येऊन पडलं होतं. मी त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं फोडलं, पण नख ओढलं न्हाई. पहिल्यांदाच मला विचारलं, "कोणत्या लावू शेठ?" मी म्हणलो, तुमाला आवडतेत त्या लावा. त्याला वाटलं, तो दुःखात हाय म्हणून मी मन मोठं केलं. तो माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याचे खांदे धरले. ही गोष्ट मला त्या तारेपेक्षा जास्त डाचते.

चपट्या तारांवर तो माझ्याकडं अजून दोन हंगाम वाजवत होता. भोंग्यातून काही ऐकू येत नव्हतं. मी अवाक्षर काढलं न्हाई. पुढं कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवायला लागला, मग डीजे आले, मी ऑर्केस्ट्रा मोडला. धोंडीराम गावी गेला. दुसरं लग्न केलं न्हाई. वर्षा-दोन वर्षांनी परभणीच्या बाजारात भेटायचा, वैनी कशा हायत विचारायचा, मी चहा पाजायचो.

दिवाळी झाली की ऊसतोडीचे ट्रॅक्टर आमच्या घरावरून जातात. वर भांडी, गाठोडी, बाया, लेकरं. कौसल्या दारात उभी राहून बघायची अन् आत येऊन एकच विचारायची, सांगितलं का? दर साली. ती स्वतः जाऊन सांगू शकली असती. माझा आब राखला तिनं, अन् त्याचं तिला ओझं झालं. मी म्हणायचो, आता जुनं उकरून काय मिळणार, त्यालाही त्रास. हे मी त्याच्यासाठी म्हणत नव्हतो.

गेल्या साली कौसल्या आजारी पडली. परभणीच्या दवाखान्यात एकोणीस दिवस. मी तिच्या उशाशी बसून होतो, चमच्यानं पाणी पाजायचो, केस विंचरायचो. मला नीट विंचरता येत न्हाई, ती त्यातही हसायची. बोलणं बंद झालं तरी हात धरला की बोटं दाबायची. गेली तवा हात माझ्याच हातात होता. घरी आणलं, सगळं झालं, माणसं पांगली. अन् मग एका दुपारी मला कळलं की मी त्या माणसाकडून काय घेतलं होतं. डोक्याला आधीही ठाऊक होतं. पण कळलं त्या दुपारी.

दोन महिन्यांनी मी एसटीनं पालमला गेलो, तिथून जीपनं त्याच्या गावी. धोंडीराम ओट्यावर बसला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, गुडघे गेलेले. मला ओळखून भिंत धरून उठला. सुनेला चहा ठेवायला सांगितलं. कौसल्याचं त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. माझा हात हातात घेऊन बसला. मग म्हणला, "तुमी जवळ होतात ना शेठ?"

मी म्हणलो, होतो.

"मंग झालं. तेवढं मिळालं की झालं."

तिथं मला उठून परत यावंसं वाटलं. पण मग मी कधीच सांगितलं नसतं. म्हणून खाली बघून सगळं सांगून टाकलं. पानवाला, टेम्पो, पाथरीचं लग्न. मला वाटलं गिटारीच्या तारा आल्यात, असं म्हणलो. चाळीस वर्षांनी, एवढं लांब जाऊनसुद्धा मी तेच म्हणलो.

त्यानं माझा हात सोडला न्हाई. विचारलं, "निरोप काय होता? तार का तारा?"

"तार."

"तारा पार्सलानं येतेत."

"हो."

"तुमाला ठाऊक होतं."

मी हो म्हणलो.

मग त्यानं हात काढून घेतला. रागानं न्हाई, काही मोजायला हात लागतो तसा काढला. निरोप किती वाजता आला ते विचारलं. मी अकरा सांगितलं. बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत तो स्वतःशीच बोलायला लागला. अकराला तार घेतली. बाराला मानवतहून निघालो. दोनपर्यंत परभणी. संध्याकाळची गाडी धरली. सकाळी सांगली, तिथून कारखाना घंटाभर. नऊला पोचलो. मग अंगठा एका पेरावर थांबला. म्हणला, "दुपारपर्यंत बोलत होती म्हणं. तिचा भाऊ सांगत होता. तीन घंटे."

मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो, पण तो तोपर्यंत उठला होता. भिंत न धरता उठला. चपला घातल्या अन् ओट्यावरून उतरला. सून चहा घेऊन बाहेर आली, मामंजी, चहा, म्हणली, अन् कप माझ्यापुढं ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. मला विचारलं, कुठं निघालेत?

गल्ली संपली की त्याच्या गावची सडक दिसते. सत्तरी ओलांडलेला माणूस, मघाशी उठायला भिंत लागत होती त्याला. तो सडकेकडं चालला होता, भरभर, गाडी निघताना दिसल्यावर माणूस चालतो तसा. एक हात वर केला होता, थांबवायला करतात तसा. सडकेवर त्या वेळी कुठलीच गाडी नव्हती.